रेकॉर्डवरचा चहा

मॅडमच्या घरी मला गेली बारा वर्षं चहा मिळतो. त्या स्वतः कॉफी पितात. माझ्यासमोर बसून, सावकाश, पहिल्या घोटाआधी डोळे मिटून एकदा वास घेत. मग कप खाली ठेवतात आणि विचारतात, "चहा बरा झालाय ना?" मी म्हणते, "छान झालाय." आणि खरंच छान झालेला असतो. पहिली दोन-तीन वर्षं मात्र तो तोंडात धरवत नसे. चहाचा त्यांना मनापासून तिटकारा. पावडर किती, उकळायचा किती, दूध कधी घालायचं, काही ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी म्हणून त्या चहा करायला शिकल्या. आता दाराशी गवती चहाचं बेट आहे, आलं ताजं ठेचून घालतात. दुसऱ्याला शिक्षा करायची म्हणून स्वतः इतके कष्ट घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ही शिक्षा आहे हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. कशाची, ते सांगायचं तर मॅडम कोण इथपासून सुरुवात करावी लागेल.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कंपनीत त्या लॅबच्या प्रमुख होत्या. मी पेणची. तिथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा तिशीत होते, त्या चाळिशीच्या पुढे. बुटक्या, सडसडीत, सुती साडीवर पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. राहायच्या नदीपलीकडे अष्टमी गावात, आईबरोबर. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. भावाच्या जुन्या, दांड्याच्या सायकलवरून साडी खोचून कामावर यायच्या. रोज पुलाच्या मध्यावर सायकल थांबवून, कठड्याशी उभं राहून नदीचा वास घ्यायच्या आणि मग पुढे निघायच्या. जाणारे-येणारे हसायचे. मॅडमना ते दिसत नसावं, किंवा दिसूनही फरक पडत नसावा.

कंपनीत त्यांना मागे सगळे 'नाक' म्हणत. प्लांटवरून सॅम्पल आलं की मशीनला लावण्याआधी त्या बाटली लांब धरून हाताने वास नाकाकडे ओढून घेत आणि सांगत, "घाई केलीत. अजून तासभर ठेवायला हवं होतं." मशीन नंतर तेच सांगायचं. एका सोमवारी एका ऑपरेटरला म्हणाल्या, "काल सासुरवाडीला होतास. शर्टाला परक्या घरच्या साबणाचा वास येतोय." तो बिचारा घरी आजारी आईची सबब सांगून सुट्टीवर गेला होता.

घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. डब्यांवर, बरण्यांवर तारीख आणि सही हे तर ठीक. पण एका खुर्चीवर लिहिलं होतं, 'डगमगते. उजवीकडे टेकू नये.' फाटकावर, 'आवाज करते. करू द्यावा.' त्यांची आई मला म्हणायची, "माझ्या कपाळाला तेवढी चिठ्ठी लावायची राह्यलीय गो. तीपण लावील एक दिवस." लग्नाची पत्रिका आली की लाल पेनाने त्यातलं शुद्धलेखन तपासून ती परत पाठवायच्या. आमच्या पर्सोनेल ऑफिसरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका अशीच सात चुकांसकट परत गेली. त्या गृहस्थांनी ती गोष्ट मनात ठेवली. माणसं काय काय मनात ठेवतात, याचा मॅडमना अंदाज नसायचा. त्यांना वाटायचं, चूक दाखवली की समोरचा आभार मानतो.

कॉफीचं वेड त्यांना कर्नाटकातून लागलं होतं. एम.एस्सी. झाल्यावर पहिली तीन वर्षं त्यांनी तिकडे कॉफीच्या एका कारखान्यात काढली. बिया भाजणं, पाण्यात उतरवणं, चाखून बघणं, हेच काम. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आल्या त्या इथल्याच झाल्या. तिकडून कच्च्या बियांचं पार्सल मात्र येत राहिलं. दर रविवारी दुपारी लोखंडी तव्यावर बिया भाजायच्या आणि आठवडाभर पितळी हातयंत्रावर रोज ताज्या दळायच्या. अष्टमीतली माणसं त्या वासाला 'मॅडमचा रविवार' म्हणत.

आमची ओळख झाली ती माझ्या पहिल्याच दिवशी. कँटीनचा चहा आला. मी कप बाजूला सरकवला. त्यांनी वर न बघता विचारलं, चहा नको का? मी म्हटलं, मला कॉफी लागते. बाटलीतली पावडर? मी म्हटलं, नाही, माझी आई धारवाडकडची, आमच्याकडे घरी बिया भाजायचे. लग्नानंतर सासरी सगळे चहावाले, म्हणून सुटली.

मॅडम उठल्या. कपाटातून दोन बीकर आणि एक काचेची कांडी काढली. तिन्हींवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. हॉटप्लेटवर पाणी ठेवलं, फनेलमध्ये फिल्टर पेपर लावला, आणि दहा मिनिटांनी माझ्यापुढे कप ठेवला. "पी, आणि सांग."

लॅबमधले बाकीचे तिघे कामं सोडून बघत होते. मी एक घोट घेतला आणि पहिल्या दिवशी कुणी बोलू नये ते बोलून गेले. म्हटलं, "थोडी करपलीय."

मॅडमनी माझ्या हातातला कप घेतला, वास घेतला, परत दिला. "हो. करपलीय," त्या म्हणाल्या. "सात वर्षांत इथे कुणाला कळलं नव्हतं."

तेव्हापासून मी त्यांची 'पेणकरीण'. नावाने त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. सहा वर्षं रोज सकाळी दहाला आम्ही दोघी लाल ठिपक्याच्या बीकरमधली कॉफी प्यायलो. ही भांडी कॉफीची, त्यांत दुसरं काही पडलं तर तुझ्यावर केस करीन, अशी तंबी मला दिलेली होती. ती वेगळी धुतली जायची, वेगळ्या फडक्याने पुसली जायची आणि मॅडमच्या कुलपात राहायची. त्या दहा मिनिटांत त्या मला शिकवायच्या. कॉफीबद्दल कमी, कामाबद्दल जास्त. एकदा म्हणाल्या, "चहा माणूस वेळ घालवायला पितो. कॉफीला वेळ द्यावा लागतो. रीडिंगचंही तसंच आहे." मला कुठलं रीडिंग घाईत घेतलेलं आणि कुठलं खरं, हे नुसत्या अक्षरावरून ओळखायला त्यांनीच शिकवलं. त्या सहा वर्षांइतकी मी पुन्हा कधी कुणाची झाले नाही. नवऱ्याचीही नाही, असं म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, पण खरं आहे.

त्या पुलाच्या रोह्याकडच्या टोकाला बुधी नावाची एक कातकरी बाई बसायची. तिची वाडी वरसे गावाच्या पलीकडे नदीकाठी. नाल्यात, नदीत हाताने धरलेले झिंगे आणि मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, टोपलीत घेऊन यायची. मॅडम तिच्याकडून दर बुधवारी घ्यायच्या आणि दर बुधवारी दोघी भांडायच्या. मॅडम म्हणायच्या, हा कालचा आहे. बुधी म्हणायची, नाक हाय का काय हाय तुझा? बुधी मॅडमना 'तू' म्हणायची. रोह्यात त्यांना 'तू' म्हणणारी तेवढी एकच, आईखेरीज.

एका उन्हाळ्यात बुधी टोपलीभर मेलेले झिंगे घेऊन आमच्या कंपनीच्या फाटकावर आली. वॉचमनने हाकलली. संध्याकाळी मॅडमना ती पुलावर भेटली. हातांना, पोटऱ्यांना फोड आलेले. मॅडमनी त्या दिवशी झिंगे घेतले नाहीत, भांडल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या मागच्या नाल्याचं पाणी स्वतः बाटलीत भरून आणलं, तपासलं, आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहून खाली सही केली. त्या पाण्यात हात घालणं म्हणजे ॲसिडमध्ये हात घालणं होतं. वापरलेलं पाणी साफ न करताच नाल्यात सोडलं जात होतं. तीन दिवस त्यांनी रोज पाणी आणलं. तिन्ही दिवस तेच.

मॅनेजर साहेबांनी त्यांना बोलावलं आणि ती पानं काढून टाकायला सांगितली. गोड बोलून सांगितलं असं मी ऐकलं. मॅडम म्हणाल्या, रजिस्टरच्या पानांना नंबर असतात, साहेब. आणि त्याच आठवड्यात त्यांनी आकड्यांची नक्कल काढून बाहेर, प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात दिली. वाडीतल्या लोकांनीही बुधीला पुढे करून तिथेच तक्रार केली.

कंपनीने उलटं मॅडमनाच धरलं. आकडे खोटे आहेत असं म्हटलं नाही. आकडे भरवशाचे नाहीत असं म्हटलं. का? तर मॅडम लॅबमध्ये, लॅबच्या भांड्यांत कॉफी करतात. अशा भांड्यांत घेतलेल्या रीडिंगवर कोण विश्वास ठेवणार? पर्सोनेल ऑफिसरनी तर मॅडमच्या स्वभावाचीच यादी काढली. सॅम्पलचा वास घेतात, पुलावर उभ्या राहतात, लोकांच्या पत्रिका तपासतात. ज्या गोष्टींवर आम्ही इतकी वर्षं हसलो, त्या सगळ्या एका फायलीत ओळीने बसल्या आणि वाचताना त्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटायला लागलं. मॅडमवर चौकशी बसली.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. धमकी दिली नाही. माझ्या मुलीची चौकशी केली. ती तेव्हा पाच वर्षांची होती. मी पेणहून कंपनीच्या बसने पहाटे निघायचे, नागोठणे, खांब, कोलाड करत सातला कामावर, आणि दुपारी मुलगी शाळेतून यायच्या सुमाराला घरी. नवरा गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतो. हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते. साहेब म्हणाले, "तुम्हाला फर्स्ट शिफ्टच लागते, नाही का? आम्ही आजवर ते सांभाळलंय." एवढंच. मग म्हणाले, उद्या जे विचारतील त्याला थोडक्यात उत्तर द्या.

नंतर बरीच वर्षं मी मनाला सांगत राहिले की माझी नोकरी पणाला लागली होती. लागली नव्हती. नोकरी कुणी मागितलीच नव्हती. मी मॅडमना विकलं ते फर्स्ट शिफ्टसाठी.

चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये झाली. टेबलाच्या एका बाजूला मुंबईहून आलेले दोघे आणि साहेब, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. समोरच्या खुर्चीवर मॅडम. त्या दिवशी त्यांनी पांढरा कोट घातला नव्हता, त्यामुळे एकदम लहान दिसत होत्या. मला विचारलं, मॅडम लॅबमध्ये कॉफी करतात हे खरं का. मी हो म्हटलं. लॅबच्या भांड्यांत? हो म्हटलं. इथपर्यंत खोटं काही नव्हतं.

मग मुंबईच्या दोघांतल्या एकाने विचारलं, "कॉफीची भांडी वेगळी असतात, खूण केलेली, असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही कधी पाहिलीत?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्हीही ती कॉफी घेत होता का?"

"नाही," मी म्हटलं. "मी चहा घेते."

कारकुनाने ते लिहून घेतलं. तेवढ्यात कँटीनचा चहा आला आणि मॅनेजर साहेबांनी एक कप हसून माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायले. एक घोट नाही, अख्खा कप, सगळ्यांसमोर. मॅडमना विचारलं, तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय का. त्या म्हणाल्या, एकच. आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चहा कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हटलं. तेही कारकुनाने लिहून घेतलं.

मॅडमना काढलं. वाडीची तक्रार, आकडे भरवशाचे नाहीत म्हणून, मिटवली गेली. दोन वर्षांनी लॅबच्या प्रमुखाची खुर्ची मला मिळाली. लाल ठिपक्याची भांडी मॅडमच्या कपाटात तशीच होती. चौकशी करणाऱ्यांनी कपाट उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तीन महिने मी अष्टमीला फिरकले नाही. मग एका रविवारी दुपारी एस.टी.ने रोह्याला उतरले, पूल ओलांडला आणि त्यांच्या फाटकाशी गेले. बियांचा वास गल्लीभर होता. काय बोलायचं ते पेणपासून घोकत आले होते. त्यांनी दार उघडलं, "ये पेणकरीण" म्हणाल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत आत गेल्या. बाहेर आल्या त्या दोन कप घेऊन. एकात कॉफी, दुसऱ्यात कसला तरी करडा, कोमट चहा. तो माझ्यापुढे ठेवला.

मी कपाकडे बघत राहिले. "तू चहा घेतेस," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डवर आहे."

मी तो चहा प्यायले. माफी मागायचं राहून गेलं. जाताना म्हणाल्या, पुढच्या रविवारी चारला ये, बिया भाजायच्यात.

असं सुरू झालं ते सुरूच आहे. बिया भाजताना त्या मला तव्याशी बसवतात आणि विचारतात, "झाल्या?" मी वास घेऊन सांगते, अजून अर्धा मिनिट. माझं ऐकतात. वास माझा, कॉफी त्यांची, असा हा हिशोब त्यांनी लावलाय. एकदा धीर करून मी विचारलं की इतका राग आहे तर मला घरात का घेता. त्या म्हणाल्या, "रोह्यात अजून कुणाला करपलेली कळत नाही. तुला माफ केलंय असं समजू नकोस. तू लागतेस, एवढंच."

दुसऱ्या कुठल्या कंपनीने त्यांना घेतलं नाही. डोकं फिरलेली बाई, ही कीर्ती इथल्या वसाहतीत फाटकाफाटकाला पोचली होती. त्या घरी शिकवण्या घ्यायला लागल्या. त्यांची आई गेली तेव्हा दहा दिवस मी रजा काढून तिथे होते. सगळ्यांना मी कॉफी केली, माझ्यासाठी त्या शोकातही त्यांनी उठून चहा टाकला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी त्यांना पेणला आणलं, आठवडाभर माझ्या घरी ठेवलं. डोळ्याला पट्टी बांधलेली, तरी मी ओट्याशी काय करतेय ते वासाने कळल्यासारख्या म्हणाल्या, "कॉफीचा डबा उघडू नकोस. मी तुला कॉफी आणायला सांगितली नव्हती." माझ्या घरात तेव्हा कॉफीचा डबा नव्हताच. कधीच बंद केली होती. त्यांच्या नाकाची चूक झालेली मी तेवढी एकदाच पाहिली, आणि ती मी त्यांना सांगितली नाही.

माझी मुलगी आठवीपासून त्यांच्याकडे विज्ञान शिकायला रविवारी माझ्याबरोबर यायला लागली. दहावीत गेल्यावर मॅडमनी तिच्यापुढे पहिल्यांदा कॉफी ठेवली. पोरीला आवडली. तिने सहज विचारलं, आई, तू का नाही घेत? मॅडम माझ्या आधी बोलल्या, "तुझी आई चहा घेते." आणि पुस्तक उघडलं. गुरुत्वाकर्षणाचा धडा होता. मी चहा संपवला. तिला सगळं सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. ऐकून ती म्हणाली, माझ्यासाठी केलंस असं मला कधी सांगू नकोस.

गेल्या वर्षी कंपनी दुसऱ्याने घेतली आणि मी मुदतीआधी निवृत्ती पत्करली. बाहेर पडल्यावर पहिलं काम केलं ते हे: त्या दिवशी चौकशीत मी खोटं बोलले, भांडी वेगळी होती, मी रोज ती कॉफी पीत होते, आकडे खरे होते, असं सगळं कागदावर लिहिलं, पेणला वकिलासमोर सही केली, आणि रविवारी मॅडमच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. लाल पेन काढलं. मी लिहिलं होतं, 'भितीपोटी मी खोटे बोलले.' त्यांनी 'भि'चा 'भी' केला. मग थोडं थांबून तो अख्खा शब्दच खोडला.

"भीती नव्हती," त्या म्हणाल्या. "सोय होती. सोयीसाठी, असं लिही."

मी पुन्हा लिहून पुढच्या रविवारी नेलं. त्यांनी वाचलं आणि परत माझ्याच हातात दिलं. मला वाटलं होतं त्या ठेवून घेतील, निदान एखाद्या फायलीत. म्हणाल्या, मला देऊन काय उपयोग, मला हे सगळं माहीतच आहे. "बुधीला वाचून दाखव."

गुडघ्यांमुळे मॅडमना आता चालवत नाही. आम्ही रिक्षाने गेलो, वरसेतल्या नव्या इमारतींच्या मागून, जिथे रस्ता संपतो तिथपर्यंत. पुढचं मॅडम माझा खांदा धरून चालल्या. बुधी घराबाहेर लाकडं बांधत होती. माझ्याच वयाची असेल, पण माझ्या आईसारखी दिसत होती. झिंगे धरणं केव्हाच सोडलंय. त्या इमारतींवरच रोजाने विटा वाहते. मॅडमना बघून म्हणाली, "एवढ्या उन्हात कशाला आलीस गो? गुडघं दुखतात ना तुझं?" आणि त्यांना बसायला गोणपाट टाकलं. माझ्याकडे तिने पाहिलं, पण ओळखलं नाही. तिने ओळखावं असं कारणही नव्हतं. तिच्या आयुष्याचं माझ्या हातून जे झालं, ते मी तिला कधी न भेटता केलं होतं.

मी उभ्यानेच कागद वाचला. शब्द सगळे कोर्टकचेरीचे. वाचताना मलाच कळेना की यातलं तिला काय कळत असेल, म्हणून शेवटी घडी घालून साध्या शब्दांत सांगितलं. की नाल्याचं पाणी खराब होतं हे मला माहीत होतं. मॅडम खरं सांगत होत्या. मला विचारल्यावर मी खोटं बोलले, म्हणून तुमची तक्रार बुडाली.

बुधीने ऐकून घेतलं. हातातली दोरी तशीच होती. "पानी खराब हाय ते आमाला आंगाव कळत होता, बाय," ती म्हणाली. "कागूद तुमाला लागत होता."

मग तिने तळहात उलटे करून दाखवले. बोटांच्या मधली कातडी पांढरी पडलेली. म्हणाली, पाच वर्सा खाजत होता. आता नाय खाजत. आता मी नदीत जात नाय. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही तरी करता आलं असतं.

तिने कागदाकडे बोट करून विचारलं, "ह्याचा आता काय करायचा?"

मी मॅडमकडे बघितलं. त्या नदीकडे बघत होत्या. शेवटी मी म्हटलं, तुमच्याकडे ठेवा. बुधी म्हणाली, नको, पाऊस गळतो घरात, भिजंल. आणि लाकडं बांधायला वाकली. निघताना तिने मॅडमच्या पिशवीत शेवग्याचा पाला घातला. मला काही दिलं नाही. मी नको म्हणायच्या तयारीत होते, तेही लागलं नाही.

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. मी तोंड बाहेर केलं, पण हुंदका लपला नाही. वरसे मागे पडलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रडू नकोस. रडलीस की तुला बरं वाटेल. तुला बरं वाटावं म्हणून आपण गेलो नव्हतो."

मी पदराने डोळे पुसले. कागद अजून माझ्याच हातात होता, घामाने ओलसर झालेला. तो पर्समध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे.

अष्टमीला त्यांच्या फाटकाशी रिक्षा थांबली. मी हात दिला तो धरून त्या उतरल्या, पिशवी सावरली, आणि आत जाता जाता थांबल्या.

"रविवारी येतेयस ना?"

"येते."

"चारला ये," त्या म्हणाल्या. "आधी येऊ नकोस, मी झोपलेली असते."